माझ्या आवाजाची दुसरी प्रत

स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा, "शिट्टी वाजवता येईल का?"

डॉक्टरांनी आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," ते म्हणाले. "श्वास नाकातोंडातून जाणारच नाही. गळ्याला खाली एक कायमचं छिद्र असेल, तिथून श्वास घ्यायचा. शिट्टी नाही, फुंकरही नाही."

"आणि ओरडता?"

"बोलताच येणार नाही, मॅडम. निदान सुरुवातीला. पुढे उपाय आहेत, पण तो आवाज वेगळा असेल. आत्तासारखा नसेल."

मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. कबड्डी, खो-खो, पंधरा ऑगस्टचं संचलन, सगळं माझ्याकडे. माझा आवाज मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला माइकशिवाय जायचा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी एकदा शाळेत येऊन तक्रार केली होती, 'खेळाच्या मॅडमना जरा हळू ओरडायला सांगा.' त्या तक्रारीचा मला अजून अभिमान आहे. आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी त्रिसरण-पंचशील सांगायचं कामही माझ्याकडेच असायचं, कारण मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना फक्त माझं ऐकू यायचं.

पावसाळ्यात घसा बसला तो उघडलाच नाही. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मैदानावरची धूळ आहे म्हणून दुर्लक्षही करून झालं. दिवाळीनंतर तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला. मग जो भेटेल तो एकच विचारायचा, "तंबाखू खायच्या का? मिश्री लावायच्या का?" मी आयुष्यात मिश्रीला बोट लावलेलं नाही. सुरुवातीला मी तसं सांगायचे. मग सांगणं सोडून दिलं. लावत असते तरी मला हे शिक्षा म्हणून झालंय, असं तोंडावर म्हणायचा हक्क यांना कुणी दिला होता?

हॉस्पिटलमध्ये एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी एक गोष्ट सुचवली. ऑपरेशनच्या आधी नेहमी लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर फोनमधल्या एका अ‍ॅपमध्ये प्रत्येक वाक्याला एक बटण द्यायचं. बटण दाबलं की आपलं वाक्य, आपल्या आवाजात.

"पण आवाज आत्ताच फाटलाय," मी म्हटलं.

"फाटका असला तरी तुमचाच आहे. आणि एक सांगते, मॅडम, एकाच फोनवर ठेवू नका. नंतर परत रेकॉर्ड करता येणार नाही."

मी कामाला लागले. आमचा फ्लॅट नाशिकरोडच्या बाजूला, रस्त्याला लागून. रेकॉर्डिंग सुरू केलं की घंटागाडीचं गाणं यायचं, ते संपलं की कुणाचा तरी कुकर. शेवटी मी दिंडोरीजवळ भावाकडे जाऊन राहिले. त्याची द्राक्षबाग आहे. छाटणी झालेली, फवारण्या चालू होत्या, आणि ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा आवाज घंटागाडीच्या वरताण.

भाऊ म्हणाला, "ताई, तू बोल. ब्लोअर मी दुपारून लावतो. अर्ध्या दिवसानं बागेचं काय बिघडत नाय."

रोज सकाळी मी बागेच्या कडेला खुर्ची टाकून फोनशी बोलायचे. त्या बाईंनी सुचवलेली सगळी वाक्यं म्हटली. मला पाणी हवंय. मला दुखतंय. जरा उठवून बसवा. माफ करा, तुम्हाला त्रास होतोय. शेवटच्या दिवशी त्रिसरणही म्हटलं. घशाची आग आग होत होती, पण काम पूर्ण झालं म्हणून मी खूश होते.

घरी आले तर फोन 'जागा संपली, जागा संपली' करत होता. रविवारी दुपारी नवरा फोन घेऊन बसला. तो अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, घरातलं असलं काम त्याच्याकडेच. तासाभराने फोन माझ्या हातात देत म्हणाला, "झाला मोकळा. आता बघ कसा पळतो."

"रेकॉर्डिंग कुठे गेली?" मी विचारलं. तो फोल्डर रिकामा दिसत होता.

"क्लाउडवर आहेत ना. फोनमधली काढून टाकली, तीच जागा खात होती. काळजी करू नकोस. हे बघ, 'बॅकअप पूर्ण' लिहिलंय. हिरवी खूणही आहे."

"वाजवून दाखवा."

"अगं, लिहिलंय ना."

"लिहिलेलं नको. वाजवून दाखवा एक तरी."

तो शोधायला लागला. मी त्याच्या शेजारी बसून त्याचा अंगठा बघत होते. वर गेला, खाली आला, मागे गेला, परत तिथेच. शाळेच्या क्रीडादिनाचे फोटो, भावाच्या बागेचे फोटो, कुणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ. त्याने कपाळावरचा घाम पुसला. थंडीचे दिवस होते.

आम्ही मुलीला फोन लावला. ती पुण्याला शिकते. मी तिला सांगितलं, "माझ्या अकाउंटने तुझ्या लॅपटॉपवर उघड आणि काय काय दिसतं ते सांग." फोनवर आलेला ओटीपी मी तिला वाचून दाखवला. ती एकेक फोल्डर उघडून बघत गेली.

"मम्मी, फोटो आहेत. व्हिडिओ आहेत. आवाजाची एकही फाईल नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं. मम्मी, हे अ‍ॅप फक्त फोटो आणि व्हिडिओच घेतं. रेकॉर्डिंगचा फोल्डर वेगळा असतो, तो कुणी जोडलेलाच नव्हता. फोटोंचा बॅकअप पूर्ण आहे. तेवढंच लिहिलंय ते."

फोनमधला कचऱ्याचा डबा बघितला, तर जागा करायची म्हणून नवऱ्याने तोही रिकामा केलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही एमजी रोडला मोबाईलच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरला जोडून, दोन-तीन प्रोग्राम चालवून पाहिले आणि मान हलवली. "नाही निघणार, मॅडम. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलंय."

घरी येऊन मी भांडले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं, कारण त्या दिवशी कुजबुजीच्या वर आवाज निघतच नव्हता. "कंपनीत असाच माल पाठवता का तुम्ही? वर ओके लिहिलंय म्हणून? उघडून बघत नाही एकही खोका?" तो बाल्कनीत जाऊन बसला, जेवायला आला नाही. मला त्याची दया आली नाही. म्हणजे नंतर आली, त्या दिवशी नाही.

ऑपरेशनला आठवडा उरला होता. डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "सोड आता. जे झालं ते झालं." भावाचा फोन आला, "जाऊ दे ताई. नशिबात नव्हतं म्हण. तू लय दमलीस, आराम कर."

"नशिबाचा काय संबंध?" मी म्हटलं. "कुणी तपासलं नाही, एवढंच झालंय. मी परत करणार."

"आता कसा होईल आवाज?"

"जसा होईल तसा."

त्या संध्याकाळी मी विचार करत बसले, कुठून सुरू करायचं. पाणी हवंय, दुखतंय, उठवून बसवा. ती वाक्यं परत म्हणायला जीभ रेटेना. पाणी हवं असेल तर मी ग्लासकडे बोट दाखवीन. दुखत असेल तर तोंडावरून कळेल. आणि 'माफ करा, तुम्हाला त्रास होतोय' हे मी का म्हणायचं? बागेत बसून मी एका आजारी, गरीब, सगळ्यांचे उपकार मानणाऱ्या बाईचा आवाज भरून ठेवला होता. ती बाई मी नव्हते. ती पुसली गेली, तर तिला परत आणायची मला काही गरज वाटेना.

मग मी माझी वाक्यं काढली. पहिलं वाक्य, 'नाही.' ते मी तीन तऱ्हांनी म्हटलं. चहा नको असताना म्हणतो ते, समोरच्याचं पटत नसताना म्हणतो ते, आणि परत विचारायचं नाही असं सांगणारं. मग 'माझं बोलून झालेलं नाही.' 'मला ऐकू येतं, मोठ्याने बोलू नका.' 'मला पटत नाही.' मुलीसाठी 'पोचलीस का?', 'जेवलीस का? खोटं बोलू नकोस.' तिला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचे ती हाक. नवऱ्यासाठी काही वाक्यं, ती इथे सांगत नाही. आणि मैदानासाठी 'रेषा! रेषा बघ!', 'धर, सोडू नको!', 'दम ठेव, दम!'

बेडरूमच्या खिडकीला नवऱ्याने गोधड्या बांधल्या. तो दाराबाहेर स्टुलावर बसायचा आणि कुणी बेल वाजवायच्या आधीच दार उघडायचा. घंटागाडी आली की तो आत डोकावून खुणेने विचारायचा, थांबायचं का? मी नाही म्हणायचे. ते गाणं आमच्या घरात रोज येतं. माझ्या वाक्याच्या मागे आलं तर आलं.

एक वाक्य म्हटलं की पाणी प्यायचं, थांबायचं, मग दुसरं. 'धर, सोडू नको' म्हणताना आवाज मधेच तुटला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा तसाच ठेवला.

आता चढवायचं काम. मुलीने पुण्याहून सांगितलं तसं नवऱ्याने रेकॉर्डिंगचा फोल्डर जोडला. थोड्या फाईली गेल्या आणि बाकीच्या 'प्रतीक्षेत' म्हणून अडकल्या. बघतो तर क्लाउडवरची जागाच भरलेली. काय होतं तिथे? नातेवाइकांनी पाठवलेले गुलाबाचे, सूर्याचे, चहाच्या कपांचे सुप्रभात. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एकच नाच सहा जणींनी काढलेला. नवरा एकेक पुसायला बसला, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट मला दाखवून, विचारून पुसत होता. जागा झाली, तरी फाईली हलेनात. सेटिंगमध्ये 'फक्त वाय-फाय' होतं आणि आमचं वाय-फाय मधेच बंद पडलेलं. तेही बदललं. मग सगळ्यांपुढे खुणा आल्या.

"झालं," नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून लगेच म्हणाला, "थांब, झालं नाही. तिला फोन लावतो."

मुलीने तिच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडला. मी फाईलीचं नाव सांगायचे, ती तिकडे वाजवायची, आणि स्पीकरवरून माझा आवाज पुण्याहून परत यायचा.

"'नाही', पहिलं."

तिकडून माझं 'नाही' आलं.

"'नाही', दुसरं."

आलं.

'धर, सोडू नको' वाजेना. नाव दिसत होतं, खूण होती, पण फाईल उघडत नव्हती. ती पुन्हा पाठवली, पुन्हा वाजवून घेतली. आपला तुटलेला आवाज तिकडून ऐकताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण फाईल वाजल्याचा आनंदच जास्त झाला. मग मी त्या हाकेच्या फाईलीचं नाव सांगितलं. तिने वाजवली. पुढची वाजवायला तिने खूप वेळ घेतला.

"काय झालं? वाजतंय ना?" मी विचारलं.

"वाजतंय," ती म्हणाली. तिचं नाक चोंदलं होतं.

"मग पुढचं घे. थांबू नकोस."

सगळ्या फाईली अशा ऐकून झाल्यावर मी आणखी एक प्रत पेन ड्राईव्हमध्ये घेतली आणि भावाला दिली. क्लाउडवर असताना पेन ड्राईव्ह कशाला, असं तो म्हणाला नाही. "माझ्या कपाटात ठेवतो, ताई. सातबाऱ्याच्या शेजारी," एवढंच म्हणाला. आणि घरी जाऊन त्याने ती टीव्हीला लावून वाजवून पाहिली, आणि मला फोन करून सांगितलं की वाजती हाय.

ऑपरेशन लांबलं. मी आत असताना नवरा बाहेरच्या हॉलमध्ये होता. माझा फोन त्याने भिंतीच्या बोर्डाला चार्जिंगला लावला, डॉक्टरांनी बोलावलं म्हणून उठला, आणि परत आला तेव्हा फक्त चार्जर लोंबकळत होता. सिक्युरिटीला सांगितलं, कॅमेरे बघितले, काही उपयोग झाला नाही.

मला हे दोन दिवसांनी कळलं, मी वॉर्डात आल्यावर. गळ्याला पट्ट्या, नाकात नळी. नवरा पलंगाशी उभा राहून सांगत होता. त्याला वाटलं असावं की मी पुन्हा तशीच पेटणार. मला तर कुजबुजताही येत नव्हतं. मी हात वर करून मुलीकडे बोट दाखवलं. ती आदल्या दिवशीच पुण्याहून आली होती. तिने तिचा फोन माझ्या हातात दिला. माझ्या अकाउंटवरून सगळं तिने तिच्या फोनवर उतरवून घेतलं होतं, बटणं लावून ठेवली होती. मी 'नाही' दाबलं, पहिलं, चहा नको असतानाचं. नवरा तिथल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, अशी बऱ्याच लोकांची समजूत असते. नवऱ्याची एक काकू माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "बरं वाटतंय का गं?" आणि मग वळून, साध्या आवाजात, मुलीला म्हणाली, "बिचारी. संपलंच म्हणायचं की हिचं सगळं."

मी बटण दाबलं. 'मला ऐकू येतं, मोठ्याने बोलू नका.'

काकू दचकून पलंगापासून मागे सरकली. समोरच्या पलंगावरच्या बाई हसल्या, त्यांना टाके होते म्हणून पोट धरून हसल्या. मी दुसरं बटण दाबलं. 'माझं बोलून झालेलं नाही.' खरं तर पुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, पण काकू त्यानंतर गप्प बसून राहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी शाळेत हजर झाले. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला ग्रंथालयात घेऊ या का? मैदान म्हणजे आवाजाचं काम. धूळही असते. आम्हाला तुमची काळजी आहे."

'मला पटत नाही,' फोन म्हणाला.

"तसं नाही हो. पण तुम्ही मुलींना ओरडणार कशा?"

मी पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला आणि हाताने दाबायची शिट्टी काढली. दोन्ही टेबलावर ठेवले. शिट्टी दाबली तेव्हा शिपाई धावत आत आला. धुळीसाठी गळ्याच्या छिद्रावर लावायची जाळी असते, तीही दाखवली. मुख्याध्यापिकांनी स्पीकर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्या म्हणाल्या, "एक महिना बघू." मी तिसरं 'नाही' दाबणार होते, पण महिना घेतला.

पहिल्या दिवशी मुलींनी मला बघितलं आणि त्यांच्यातल्या काही माझ्या गळ्याकडे बघून रडायला लागल्या. मी त्यांना हाताने दोन गटांत उभं केलं आणि चढाई सुरू केली. एका मुलीचा पाय रेषेवर गेला आणि स्पीकरमधून मी ओरडले, 'रेषा! रेषा बघ!' सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. चढाई करणारी, पकडणाऱ्या, कठड्यावर बसलेल्या. मग त्या खेळायला लागल्या. दुसऱ्या डावात मी घाईत चुकीचं बटण दाबलं आणि ऐन पकडीत मैदानभर आवाज गेला, 'जेवलीस का? खोटं बोलू नकोस.' पकड सुटली, मुली एकमेकींवर पडून हसल्या. "जेवलो, मॅडम!" कुणीतरी ओरडलं. आता ते त्यांच्या संघाचं ठरूनच गेलंय, सामन्याआधी त्या मला ते बटण दाबायला लावतात.

महिना कधीच उलटला. ग्रंथालयाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दर रविवारी मी विहारातून आले की फोल्डर उघडते, दर वेळी वेगळ्या फोनवर, वेगळ्या ठिकाणी, आणि चार-दोन फाईली वाजवून बघते. मुलगी म्हणते, "मम्मी, आता सगळं नीट जातंय, कशाला दर आठवड्याला?" तिला म्हणावं, तुझ्या पप्पांनाही असंच वाटलं होतं. मध्ये एकदा पासवर्ड बदलल्यावर बॅकअप गुपचूप बंद पडला होता. खूण तशीच हिरवी. मी वाजवायला गेले म्हणून कळलं.

काही महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात एक छोटी झडप बसवली. छिद्रावर अंगठा ठेवून श्वास सोडला की हवा झडपेतून घशात जाते आणि आवाज निघतो. जाड, खरखरीत, पुरुषासारखा. सुरुवातीला एक शब्द काढायला दम लागायचा, आता वाक्य येतं. त्याही आवाजाची मी रेकॉर्डिंग ठेवते, वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याच्याही प्रती करून. नवऱ्याने विचारलं, "हा कशाला? हा तर आता आहेच तुझ्याकडे." मी त्याला सांगितलं की आधीचाही होता माझ्याकडे.

परवा कुठल्याशा कंपनीतून फोन आला. मी अंगठा ठेवून 'हॅलो' म्हटलं.

"नमस्कार सर, आपल्यासाठी एक खास योजना आहे."

"मॅडम," मी म्हटलं.

"सॉरी सर. तर योजना अशी आहे, सर..."

"मॅडम."

"हो सर, मॅडम घरी आहेत का?"

"मीच मॅडम," मी म्हटलं. तिकडून पुन्हा, "बरं सर."

मला योजना नको होती. फोन केव्हाच ठेवता आला असता. मी ठेवला नाही. अंगठा काढला, श्वास घेतला, अंगठा ठेवला आणि पुन्हा म्हटलं, "मॅडम." आणि तो मला मॅडम म्हणेपर्यंत म्हणत राहिले.